किल्ली कुणाकुणाकडे आहे?

वाचकाचं पत्र

ताई, मी २९ वर्षांची आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केल्यापासून पाच वर्षं पुण्यात टेकडीच्या उतारावरच्या एका वस्तीत संस्थेचं युवा केंद्र चालवते. संध्याकाळी अभ्यासिका, मुलींचा कबड्डीचा संघ, मे महिन्यात शिबिर आणि गेल्या वर्षापासून वस्तीच्या प्रश्नांवर काम करायला तरुणांचा एक गट, असं सगळं आहे. पटावर १४० मुलं-मुली आहेत. ऑक्टोबरात मला डेंगी झाला आणि पंधरा दिवस घरी पडून होते. त्या पंधरा दिवसांत केंद्राचं कुलूप एकदाही उघडलं नाही. परत गेले तर मुली म्हणाल्या, "ताई, तुम्ही नव्हता ना!" मला रडूच आलं. त्यात केंद्राला मिळणारा एका कंपनीचा निधी मार्चमध्ये संपतोय. भागातल्या एका पुढाऱ्यांनी समाजमंदिराचा वरचा मजला कायमचा देतो म्हणून सांगितलंय, पण संघाच्या टी-शर्टवर त्यांचा फोटो हवाय. सोळा-सतराची मुलं केंद्रावर यायची बंद झालीत आणि त्यांच्याच मागे फिरतात. घरी आई विचारते, मानधनावर किती दिवस काढणार? दुसऱ्या एका मोठ्या संस्थेत ऑफिसातली नोकरी मिळतेय. पाच वर्षं फुकट गेली का? जागा घेऊ? की सोडून देऊ?

— वस्तीतली ताई, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

पाच वर्षं फुकट गेलेली नाहीत. दिवेलागणीनंतर मुलगी घराबाहेर दिसली की वस्तीत चार तोंडं बोलतात. तरी तुझ्याकडच्या मुली ढोपरं फोडून घेत कबड्डी खेळतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. त्यासाठी तू किती उंबऱ्यांवर उभी राहून किती आयांशी बोलली असशील, याची मला कल्पना आहे. तो विश्वास कुठल्याही कंपनीच्या निधीतून आलेला नाही, त्यामुळे तो मार्चमध्ये संपणारही नाही.

पण कुलपाचं मात्र मनावर घे. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. जागा, निधी, नोकरी हे तिन्ही प्रश्न त्या ओळीच्या मागून येतात.

मुलींना तुझी पर्वा नव्हती, असा अर्थ तू काढलास. मला तसं वाटत नाही. तू नाहीस म्हणजे केंद्र बंद, हे त्यांनी इतकं सहज गृहीत धरलं, कारण पाच वर्षांत त्यांनी तेच पाहिलं. कुलूप तू उघडतेस, झाडून तू घेतेस, चटया तू घालतेस, पट तू भरतेस, भांडण तू मिटवतेस, फोटो काढून संस्थेला तूच पाठवतेस. मुलांना यायचं, शिकायचं, खेळायचं आणि घरी जायचं एवढंच ठाऊक. शाळेला सुट्टी लागली म्हणून कुठला विद्यार्थी शाळेचं कुलूप उघडायला जात नाही. तुझ्या मुलींनी तुझ्या केंद्राला शाळा मानलं, आणि आजवर त्यांना दुसरं काही मानायची संधीच मिळालेली नाही. वस्तीत काम करणाऱ्या चांगल्या, तळमळीच्या माणसांकडून हेच सगळ्यात जास्त होतं. काम वेळेवर आणि नीट व्हावं म्हणून ती सगळं अंगावर घेतात, आणि मग त्यांच्या अंगाखेरीज ते काम कुठे उभंच राहत नाही.

झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांचं नाव तू एमएसडब्ल्यूला ऐकलं असशील. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून १९६३ मध्ये सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईत आला, सुतारकाम करायला लागला आणि चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला जनता कॉलनीत राहू लागला. सुरुवात त्यानं मुलांपासून केली. पोरं गोळा करायची, गाणी म्हणायची. त्यातूनच मुलांना शिकवणं सुरू झालं. कॉलनीतला कचरा महापालिका उचलत नव्हती. मग एके दिवशी त्या पोरांनीच कागदात कचरा बांधून घेतला, जणू सहलीला निघाल्यासारखी रांगेनं गेली आणि पालिकेच्या कार्यालयापाशी नेऊन ठेवला. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी पाडलीच. लोकांना चीता कॅम्पात हलवलं. तो लढा ते हरले. पण कॉलनी वाचवता वाचवता तयार झालेली माणसं आणि त्यांची सवय मोडली नाही. झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना आणि 'स्पार्क' ही संस्था त्यांच्याबरोबर आली, आणि २००० मध्ये जोकिन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातलं महिला मिलनचं काम तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. फुटपाथवरच्या त्या बायकांनी बचत सुरू केली तेव्हा महिन्याला एकदा सभा घेऊन पैसे गोळा केले नाहीत. त्यांच्यातलीच एक बाई रोज प्रत्येक झोपडीशी जायची. कुणी रुपया द्यायचं, कुणी दोन, कुणी म्हणायचं आज नाही. पैसे थोडेच जमत. पण रोज दारात जाणाऱ्या बाईला कुणाचा नवरा दारू पिऊन आला, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, कुणाला पालिकेची नोटीस आलीय, हे त्याच दिवशी कळायचं. झोपड्या हटवायचं संकट होतं तेव्हा त्यांनी आपली गणती करण्यात स्वतः भाग घेतला, आणि कागद हातात घेऊन बोलणाऱ्या बायका अधिकाऱ्यांसमोर बसल्या. संस्थेची माणसं सोबत होती. पण दारोदार जाणारी बाई तिथलीच होती, आणि ती आजारी पडली तर शेजारची जात होती.

तुझ्याकडे ही शेजारची कोण आहे, ते आता शोधायचंय.

त्यासाठी महिनाभर एकही नवा कार्यक्रम घेऊ नकोस. बालदिन, स्पर्धा, पाहुणे, प्रमाणपत्रं, सगळं बाजूला ठेव. (प्रमाणपत्रांच्या वाटपावर आपल्या क्षेत्रात जो वेळ जातो त्याचं मला खरंच वाईट वाटतं.) त्या वेळात मोठ्या मुलामुलींच्या घरी जा, एकेकट्याला भेट. हातात फॉर्म नको, मोबाइलवर सर्वेक्षण नको. चहा घे आणि विचार: तुला या वस्तीत कशाचा राग येतो? तुला काही अडलं तर तू कुणाकडे जातेस? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात वीस घरांमधून दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील. ती तुझी माणसं. बहुतेक वेळा ती व्यासपीठावर छान बोलणारी नसतात. पाण्याच्या नळावर भांडण लागलं की जिच्या एका शब्दानं बायका हंडे मागे घेतात अशी एखादी एकोणीस वर्षांची मुलगी असते, आणि ती केंद्रावर मागच्या ओळीत गप्प बसलेली असते.

कबड्डीत तू हे रोज बघतेस. टाळ्या चढाई करणारीला मिळतात. पण पकड करायची कधी आणि थांबायचं कधी, हे कोपऱ्यातली मुलगी डोळ्यांनी ठरवते, आणि साखळीतल्या बाकीच्या तिच्या हाताच्या ओढीवर हलतात. तुला तुझ्या वस्तीतल्या कोपरारक्षक हव्या आहेत.

अशा तीन जणी किंवा जणांना किल्ली दे, प्रत्येकाला वेगळी. सोबत एक साधी वही ठेव: कुलूप किती वाजता उघडलं, कुणी उघडलं, किती जण आले, काय तुटलं, कुणी लावलं. पहिल्या महिन्यात पंखा चालू राहील, कॅरमची सोंगटी हरवेल, एखाद दिवशी उघडायला उशीर होईल, दोघींचं वाजेल. मध्ये पडू नकोस. शनिवारी सगळ्यांनी मिळून वही वाचायची आणि त्यांनीच ठरवायचं, हा नियम घाल. तू आठवड्यातले दोन दिवस ठरवून जाऊ नकोस. आजारी असशील म्हणून नाही, धडधाकट असताना जाऊ नकोस.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. किल्ली दिली म्हणून सुरक्षिततेची जबाबदारी दिली असं होत नाही. ती तुझी आणि संस्थेचीच राहते. किल्ली अठरा पूर्ण असलेल्यांकडेच द्यायची. लहान मुलं असताना केंद्रात एकच मोठं माणूस कधीही नको, दोन हवेत, आणि त्यातली एक बाई हवी. जवळच्या घरांतल्या तीन-चार आयांना वार वाटून दे. त्या दारात भाजी निवडत बसल्या तरी पुरे. पोक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा आहे. मुलाबाबत लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न कळवणं त्यात गुन्हा आहे, आणि "वस्तीतलंच प्रकरण, आपसात मिटवू" ही पळवाट कुणालाच नाही. किल्लीवाल्या मुलामुलींना हे तोंडी सांग, लिहूनही दे आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर ठळक लाव. एखाद्या खेळाडू मुलीचं अठराच्या आत लग्न ठरल्याची कुणकुण लागली तरी तोच क्रमांक. आधी आईशी बोल, मामाशी बोल, शाळेतल्या बाईंना मध्ये घे. पण तारीख ठरलेली असेल तर वाट बघत बसू नकोस.

आता तो वस्ती विकासाचा गट. तू त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, त्यावरून वाटतं की तो गट सभा घेतो आणि त्याच्या हातून अजून काही घडलेलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, असे गट बहुतेक ठिकाणी कचरा, पाणी, व्यसन, बेरोजगारी अशी लांबलचक यादी करतात आणि त्या यादीखालीच दबून जातात. त्यांना एकच काम घेऊ दे. ते लहान असावं, दोन-तीन महिन्यांत निकाल लागणारं असावं आणि गटातल्या मुलांना स्वतःला टोचणारं असावं.

तुझी वस्ती चढावर आहे म्हणून सुचवते. तिथे पायऱ्यांवरचे दिवे बंद असतात. मुली सातनंतर यायला बंद होतात त्याचं कारण आईबाप "जमाना खराब आहे" असं सांगतात, पण प्रत्यक्षात मधल्या वळणावरचा खांब महिनोन्‌महिने अंधारात असतो. मुलांनी एका रात्री टॉर्च घेऊन वरून खालपर्यंत चालावं. प्रत्येक बंद खांबावरचा क्रमांक लिहून घ्यावा, क्रमांक पुसला असेल तर कुणाच्या घरासमोरचा ते लिहावं. एका कागदावर पायऱ्यांचा साधा नकाशा काढून त्यावर फुल्या माराव्यात. मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विद्युत विभागाच्या नावे अर्ज, दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती आपल्या फायलीत.

हा शिक्का घेणं म्हणजे काय शिक्षण असतं, ते मी एका कार्यालयात जवळून पाहिलंय. अठरा-एकोणीसचे चौघं आले होते. पुढच्या मुलानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. लिपिकांनी मान वर न करता सांगितलं, "साहेब नाहीत, ठेवून जा." मुलानं अर्ज ठेवला आणि वळला. मागच्या मुलीनं त्याचं मनगट धरलं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, आवकचा शिक्का तुमच्याकडेच असतो ना? मग साहेब कशाला लागतात?" लिपिकांनी पहिल्यांदा मान वर केली. शिक्का बसला. बाहेर आल्यावर ते चौघं त्या कागदाकडे कितीतरी वेळ आळीपाळीनं बघत होते. त्यांच्या घरातलं आजवर कुणी त्या इमारतीतून स्वतःच्या हातानं असा कागद घेऊन आलेलं नव्हतं. त्यांची कार्यकर्ती जिन्याखाली थांबली होती. ती वर आली असती तर लिपिक तिच्याशीच बोलले असते, आणि ती मुलगी तोंड उघडू शकली नसती.

म्हणून तू जिन्याखाली थांब. हे अवघड आहे, मला माहीत आहे. मुलं अडखळतात, चुकीच्या खिडकीशी जातात, तेव्हा पाय आपोआप पुढे पडतात. ते आवरायचे. पण जायच्या आधी त्यांच्याकडून तालीम करून घे: एकानं लिपिक व्हायचं, बाकीच्यांनी बोलायचं. परत आल्यावर तास बसायचं: काय झालं, कोण काय म्हणालं, आपण कुठे गप्प बसलो, पुढच्या वेळी कोण बोलणार. कार्यकर्तीचं खरं काम या दोन तासांत असतं.

अर्जाला उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र. तेही विरलं तर माहिती अधिकाराचा अर्ज: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कागदांच्या प्रती द्या. आपल्या राज्यात त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा, विषय एकच ठेवायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. आणि दुरुस्तीवर भागणार नसेल, नवे खांब हवे असतील, तर पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली लहान कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात. वस्त्यांमधून त्यासाठी अर्ज फार कमी जातात, सोसायट्यांमधून जातात. तुझ्या गटानं तारखेवर लक्ष ठेवायला हवं.

सोळा-सतराच्या मुलांचं तू ज्या दुःखानं लिहिलंस, त्यावर थोडं वेगळं बोलते. ती पुढाऱ्याच्या मागे गेली कारण तिथे त्यांना काम मिळालं. मांडव घालायचा, गाडी सांगायची, पाण्याचा टँकर लावून द्यायचा, साहेबांच्या माणसाला नावानं हाक मारायची. तुझ्या केंद्रात त्या वयाच्या मुलासाठी काय आहे? संध्याकाळी पाच ते सातची अभ्यासिका, जेव्हा तो केटरिंगला गेलेला असतो नाहीतर कुणाच्या दुकानात उभा असतो. त्याला नऊनंतर वेळ असतो. घर दहा बाय दहाचं, त्यात टीव्ही चालू, धाकटी झोपलेली. पोलीस भरतीचा किंवा बारावीचा अभ्यास करायला दिवा आणि शांतता हवी. रात्री नऊ ते बाराची अभ्यासिका त्यांनीच चालवू दे. आयटीआयचं, अप्रेंटिसशिपचं नीट मार्गदर्शन मिळेल अशी माणसं बोलाव. नोकरी लावून देण्याचा शब्द मात्र कुणालाही देऊ नकोस.

आणि वस्तीतल्या गणपती मंडळाला परकं मानू नकोस. आपल्याकडच्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना मंडळ म्हटलं की डीजे आणि दारू एवढंच दिसतं. तेही असतं. पण वर्गणीची पावती फाडणाऱ्या पोराला वस्तीतलं प्रत्येक दार ठाऊक असतं. कुठल्या घरात नोकरी गेलीय म्हणून यंदा मागायचं नाही, हेही त्याला कळतं. पोलिसांची परवानगी, मांडवाचा परवाना, विजेचं तात्पुरतं कनेक्शन, विसर्जनाला दोरी धरणारी पन्नास पोरं, शेवटी जमाखर्च, हे सगळं ही मुलं दरवर्षी उभं करतात. तू पाच वर्षं ज्या कौशल्यांची शिबिरं घेतेस, ती यांच्या अंगात आहेत. फक्त ती दहा दिवसांपुरती वापरली जातात. दिव्यांच्या कामात मंडळाच्या दोघांना बोलावून बघ.

आता पुढाऱ्यांची जागा. तू एकटीनं हो किंवा नाही म्हणू नकोस. वस्तीत पाण्याची लाइन, दवाखान्यातली खाट, शाळेचा दाखला, रेशनकार्ड यासाठी लोकांना त्यांच्याकडे जावं लागतं. तू स्वाभिमानानं नकार देशील आणि तुझ्या घरी निघून जाशील. तिथे राहणाऱ्यांना पुढाऱ्यांच्या रागाला तोंड द्यावं लागेल. म्हणून निर्णय किल्लीवाल्या मुलांनी आणि आयांनी घ्यायचा. तू त्यांच्यासमोर माहिती ठेवायची.

पहिली माहिती: ते समाजमंदिर कुणाचं? वस्त्यांमधली बरीच समाजमंदिरं महापालिकेच्या पैशातून बांधलेली असतात. तसं असेल तर वरचा मजला द्यायचा अधिकार त्या पुढाऱ्यांना नाही, आणि "कायमचा" या शब्दाला काही किंमत नाही. दुसरं कुणी निवडून आलं की कुलूप बदलेल. जागा पालिकेची निघाली तर गटानं पालिकेकडे रीतसर अर्ज करावा, आणि त्या पुढाऱ्यांना शिफारसपत्र द्यायची विनंती करावी. त्यांनी मदत केली तर जाहीर आभार मानावेत, मनापासून. यात कमीपणा काही नाही.

फोटोबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मुलींच्या छातीवर कुणाचाही चेहरा नको. तुझ्या संघातल्या कितीतरी मुली अठराच्या आतल्या असतील. भारत निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीआधी, प्रचारात कुठल्याही प्रकारे मुलांचा वापर करू नये अशा कडक सूचना सगळ्या पक्षांना दिल्या होत्या. हे त्यांना नम्रपणे सांगता येतं: "साहेब, उद्या कुणी बोट दाखवलं तर तुम्हालाच त्रास व्हायचा." त्यांना मान हवा असेल तर सामन्याच्या दिवशी नाणेफेकीला बोलवा, आणि त्याच आठवड्यात विरोधी बाजूच्यांनाही एका सामन्याला बोलवा. टी-शर्टवर वस्तीचं नाव असू दे. मुलींना विचार, त्यांना तेच जास्त आवडेल.

पैशाचं सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं एका मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या पैशाला वर्षाचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून तो लाभार्थी मोजतो: किती मुलं, किती सत्रं, किती फोटो. दिव्यासाठी कार्यालयात गेलेली चार मुलं त्या रकान्यात चारच दिसतात. यासाठी कुणाला दोष देऊ नकोस. पण तुझं काम त्या रकान्याच्या मापानं कापूही नकोस. खर्चाचे दोन भाग कर. जागेचं भाडं, वीज आणि चटया-पुस्तकं हा एक, तुझं मानधन हा दुसरा. पहिला भाग वस्तीच्या आवाक्यात आणता येतो का, हे गटाला बघू दे. घरटी महिना दहा-वीस रुपयांनी सगळं भागणार नाही, पण ज्यानं वीस रुपये दिले तो विचारतो की पंखा का बंद आहे. दर महिन्याचा जमाखर्च फळ्यावर खडूनं लिहा, अगदी पाच रुपयांच्या खर्चासकट. वस्तीत पैशावरून संशय यायला वेळ लागत नाही, आणि फळ्यावर लिहिलेला हिशेब त्या संशयाच्या आधी पोचलेला बरा.

निधी संपतोय म्हणून घाईघाईनं स्वतःची संस्था नोंदवू नकोस. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळाले की संस्था नोंदवता येते. मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, बँक, पॅन, आयकराच्या नोंदण्या. तू या कागदांत अडकशील आणि सात जणांपैकी सहा जण सहीपुरते राहतील. दोन वर्षांनी किल्लीवाली मुलंच म्हणाली की नोंदणी करूया, तर आनंदानं कर.

शेवटी तुझं स्वतःचं. आईचा प्रश्न रास्त आहे आणि तिला "समाजकार्य" हे उत्तर देऊ नकोस. पाच वर्षं अनुभव असलेल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा आणि आजारपणाचा विमा मिळायला हवा. डेंगीच्या पंधरा दिवसांचे पैसे संस्थेनं कापले का, हे तू लिहिलं नाहीस. कापले असतील तर ते परत माग. ही मागणी केल्यानं तुझी निष्ठा कमी होत नाही. ज्या संस्था कार्यकर्त्यांच्या तळमळीवर त्यांचे पगार वाचवतात, त्यांच्याकडून चांगली माणसं तिशीच्या आत निघून जातात आणि वस्तीला दर दोन वर्षांनी नव्या ताईशी पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते.

ऑफिसातली नोकरी घ्यायची असेल तर घे. वस्ती सोडणं म्हणजे वस्तीला फसवणं असं मी मानत नाही. फक्त गुपचूप जाऊ नकोस. शक्य असेल तर रुजू होण्याची तारीख जूनपर्यंत पुढे ढकलून माग, म्हणजे अभ्यासिका, संघ आणि दिव्यांची फाईल या तिन्हींच्या मागे दोन-दोन माणसं उभी करायला तुला पाच-सहा महिने मिळतील. थांबायचं ठरवलंस तरी हे महिने असेच घालवायचे आहेत, म्हणजे आज दोन्हींतलं काही निवडलं नाहीस तरी चालेल. तुझ्या संस्थेला मात्र या आठवड्यातच लेखी पत्र दे: पुढच्या वर्षीचा पगार, विमा, रजा, आणि केंद्रासाठी किती महिन्यांची तजवीज आहे. एप्रिलचं अंदाजपत्रक बहुतेक संस्था जानेवारीपर्यंत आखून ठेवतात. त्यानंतर मागितलेल्या गोष्टीला "आता पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळतं.